पहिल्यांदा विधानसभा लढवताय? आधी मतदारयादी उघडा

विधानसभा लढवायची ठरली की नवा माणूस आधी भाषणाची तयारी करतो, मग पांढरे कपडे शिवायला टाकतो, आणि मतदारयादी उघडतो सगळ्यात शेवटी. २०२४च्या निवडणुकीत मराठवाड्यातल्या एका ग्रामीण मतदारसंघात मी एका नवख्या अपक्ष उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी होतो. ताई पेशाने वकील, गावच्या माजी सरपंच. आम्ही पडलो, तेव्हा जिंकायचं गणित मला विचारू नका. पण नवखा उमेदवार कुठे अडकतो आणि कुठे उगाच दमतो, ते मी जवळून बघितलंय.

आधी दिवस मोजून घ्या. निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. अर्ज २२ ते २९, छाननी ३०ला, माघारीची मुदत ४ नोव्हेंबर दुपारी तीन, मतदान २०ला, मोजणी २३ला. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीनंतर, आणि १८ला संध्याकाळी जाहीर प्रचार बंद. म्हणजे चिन्ह घेऊन लोकांत जायला हातात दोनच आठवडे. राज्यात लाखभर मतदान केंद्रं आणि २८८ जागा, म्हणजे एका मतदारसंघात साधारण साडेतीनशे केंद्रं. रोज पंचवीस केंद्रं करायची म्हटली आणि प्रत्येक ठिकाणी वीसच मिनिटं दिली, तरी आठ तास नुसते उभं राहण्यात जातात. रस्ता, चहा, हार, रुसवेफुगवे वेगळे. हे कुणालाच जमत नाही. ज्यांना जमल्यासारखं दिसतं, त्यांचं काम वर्षभर आधीच झालेलं असतं.

कागदांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अपक्षाची पहिली निवडणूक तहसील कार्यालयातच होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. सूचकाचा यादीभाग आणि अनुक्रमांक ताज्या यादीतूनच उतरवा. घरात पडलेल्या जुन्या यादीतला क्रमांक पुरवणी यादीनंतर बदललेला असू शकतो. एखादा सूचक अंगठा लावणारा असेल, तर तो अंगठा अधिकाऱ्यासमोरच लागला पाहिजे, घरून लावून आणलेला चालत नाही. म्हणून आम्ही दहापेक्षा जास्त माणसं तयार ठेवली होती आणि अर्जाचे चारही संच भरले, चारच भरता येतात. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच. आत जाताना उमेदवार धरून पाचच जण. बाहेर ढोल वाजत असतात, पण खरं काम आतल्या टेबलावर चालतं.

प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, एकही रकाना कोरा न ठेवता भरा. लागू नसेल तिथे ‘लागू नाही’ किंवा ‘निरंक’ लिहा. कोऱ्या रकान्यावरून, तेही नोटीस देऊन भरले नाहीत तर, अर्ज बाद होऊ शकतो. दुसरी गोष्ट शपथ. अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती घ्यावी लागते. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्यांची हीच धांदल उडते, कारण २९ला अर्ज आणि ३०ला छाननी. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं बँक खातंही अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं लागतं. आणि तुमच्याकडे गुत्तेदारी असेल, राज्य सरकारशी एखाद्या कामाचा करार चालू असेल, तर अशा करारावरून उमेदवाराला अपात्र ठरवणारं लोकप्रतिनिधी कायद्याचं कलम ९अ वकिलाकडून आधी समजून घ्या. आमच्या भागात निम्मे इच्छुक गुत्तेदारच असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

माघारीच्या दुपारपर्यंत फोन थांबत नाहीत. कुणी पाहुण्यामार्फत येतं, कुणी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतं, कुणी जिल्हा परिषदेचं गाजर दाखवतं. ताईंचा फोन त्या दिवशी त्यांच्या सासूबाईंकडे होता आणि त्या सगळ्यांना ‘ती देवाला गेलीय’ एवढंच सांगत होत्या. यापेक्षा चांगली व्यवस्था मला अजून सुचलेली नाही.

आम्हाला चिन्ह मिळालं शिलाई मशीन. भाऊबीज आदल्या दिवशी झालेली, छापखान्यातली निम्मी पोरं गावी. आम्ही पत्रकाची मांडणी आधीच करून चिन्हाची जागा मोकळी सोडली होती, म्हणून रात्री अकराला पहिला गठ्ठा बाहेर पडला. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का, ते गठ्ठा उचलायच्या आधी बघा. कलम १२७अ प्रमाणे ते सक्तीचं आहे, आणि विरोधकांचा वकील तुमचं पत्रक तुमच्यापेक्षा बारकाईने वाचतो. चिन्ह हलक्यात घेऊ नका. २०२४च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि अपक्षाचा त्याच्यासारखाच वाटणारा ‘ट्रम्पेट’ यांवरून केवढा गोंधळ झाला, ते सगळ्यांनी पाहिलं. यंत्रावर मान्यताप्राप्त पक्ष वर, मग नोंदणीकृत पक्ष, अपक्ष सगळ्यात खाली. एका यंत्रावर ‘नोटा’ धरून सोळा बटणं. उमेदवार त्याहून जास्त झाले की तुमचं नाव दुसऱ्या यंत्रावर. आम्ही होतो दुसऱ्याच यंत्रावर. मग कोपरा सभेत म्हाताऱ्यांना ‘मशीनवरची मशीन शोधा, पण पहिल्या नाही, दुसऱ्या मशीनवरची’ असं समजावत बसायचो. पत्रकावर यंत्राचं चित्र काढून आपल्या बटणावर बाण दाखवणं हाच त्यावर उपाय.

आता गावं. कुठे जायचं हे कार्यकर्त्यांना विचारून ठरवू नका. जो तो तुम्हाला स्वतःच्या गावी नेतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मागच्या निवडणुकीचा नमुना २० मिळतो, त्यात केंद्रवार कुणाला किती मतं पडली ते असतं. तो घेऊन एक रात्र बसा. जिथे एकाच बाजूला एकगठ्ठा मतदान झालंय तिथे जाऊन घसा कोरडा करण्यात अर्थ नाही, जिथे मतं तीन-चार ठिकाणी फुटलीत तिथे दोनदा जा. माझा अनुभव असा, की नवा उमेदवार माहेरच्या नाहीतर मामाच्या गावात तीन-तीन वेळा जातो, कारण तिथे जेसीबीवरून फुलं पडतात. ती मतं आधीच त्याची असतात.

दारोदार गेल्यावर घोषणा कुणी ऐकत नाही, प्रश्न येतात. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात भाव त्याच्या बराच खाली, त्यामुळे पुरुष मंडळी तिथूनच सुरुवात करायची. बायकांचा पहिला प्रश्न ‘लाडकी बहीण’चा: तुम्ही आलात तर पंधराशे बंद तर होणार नाहीत ना? अपक्षाने इथे मोठा आकडा फेकू नये. एकवीसशे आणि तीन हजार म्हणणाऱ्या दोन मोठ्या आघाड्या समोर होत्या. ताई त्यांना अर्ज नामंजूर का झाला, आधार बँकेला जोडलंय का, ते विचारायच्या आणि तिथेच कागद बघायच्या. त्या ओट्यावर आम्ही ठरल्यापेक्षा जास्त वेळ घालवला, पण मतमोजणीत ती केंद्रं वेगळी दिसली. सगळ्यात अवघड वाक्य मात्र एकच असतं, ‘माणूस चांगलाय, पण मत वाया जाईल.’ त्यावर चुरशीच्या लढतींची उदाहरणं द्यायला लोक सांगतात. त्याच निवडणुकीत मालेगाव मध्य १६२ मतांनी आणि साकोली २०८ मतांनी सुटली. पण त्या लढती ज्यांच्यात झाल्या त्यांच्यामागे आधीची ताकद होती, हे मतदारालाही कळतं. त्याला खोटा भरवसा दिलेला आवडत नाही.

औक्षणाचं एक लक्षात ठेवा. दारात ताट घेऊन बाई उभी राहते आणि हात आपोआप खिशाकडे जातो. ताटात नोट पडली की समोरच्या मोबाईलमध्ये मतदाराला पैसे दिल्याचा व्हिडिओ तयार. आमच्याकडे ठरलं होतं, ताईंच्या पर्समध्ये पैसेच ठेवायचे नाहीत. हात जोडायचे, थोरांच्या पाया पडायचं आणि पुढे निघायचं.

खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. बहुतेक नवख्यांना ती कधी गाठायची नसतेच, तरी हिशेबात अडकतात. नोंदवहीचे पांढरे, गुलाबी आणि पिवळे भाग असतात: रोजचा खर्च, रोकड, बँक. प्रचारकाळात ती तीनदा तपासली जाते. एका माणसाला वा दुकानाला दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही. जिल्हा प्रशासन चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, फेटा अशा सगळ्याची दरसूची लावतं. पथक सभेचं चित्रीकरण करतं आणि खुर्च्या मोजून आपल्या छायानोंदवहीत रक्कम धरतं. तुमच्या वहीत ती नसली की नोटीस. म्हणून हिशेबाला असा माणूस बसवा ज्याला स्टेजवर यायची हौस नाही. पेट्रोलच्या चिठ्ठ्या त्याच्याच सहीने निघाल्या पाहिजेत, नाहीतर तुमच्या नावावर गावभर टाक्या भरतात.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला मतदान सुरू होतं, पण अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायला घेतलेलं चाचणी मतदान, दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला. त्या वेळी तुमचा प्रतिनिधी केंद्रात नसेल तर अधिकारी थोडाच वेळ वाट पाहून काम सुरू करतात, मग पुढे तक्रारीला जागा उरत नाही. साडेतीनशे प्रतिनिधी आणि त्यांना बदली माणसं मिळवणं अपक्षाला जवळपास अशक्य आहे. आमच्याकडे निम्म्या केंद्रांवरही माणूस नव्हता. जिथे होता तिथे एकच सूचना होती: मतदान संपल्यावर नमुना १७क ची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. किती मतं पडली त्याचा तो कागद, मोजणीच्या टेबलावर तोच ताळा. जेवणाचे डबे अकराच्या आत पोहोचवा. उपाशी पोरगं दुपारी दुसऱ्याच्या टेबलावर जेवतं आणि मग त्याच्याशीच गप्पा मारत बसतं.

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जप्त होते. ती जाणार असं धरूनच चाला. पण अनामत गेली म्हणून हिशेब देणं चुकत नाही. निकालापासून ३० दिवसांत अंतिम खर्च जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पडलेला उमेदवार या महिन्यात कुणाचा फोन उचलत नाही, मंडपवाला आणि बॅनरवाला बिलं घेऊन दारात येतात आणि पावत्या गोळा करायला कुणीही उरत नाही. त्यामुळे पावती मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत हा नियम पहिल्या दिवसापासून लावा, आणि हिशेब दिल्याची पोच घेऊन ती फाईलला लावून ठेवा.