घरच्या टोमॅटोसाठी वाण कसं निवडावं

बाजारातला लांबट, कडक टोमॅटो आडवा कापून बघा. आत दोन-तीनच कप्पे दिसतात, भिंत जाड असते आणि बियांभोवतीचा गर जेमतेम. नारायणगावला किंवा पिंपळगाव बसवंतला क्रेटमध्ये भरल्यावर शेकडो किलोमीटर न फुटता जायचं, हे त्याचं काम आणि ते तो चोख करतो. आता चपटा, खाचा पडलेला गावरान टोमॅटो कापा. पाच-सहा, कधी त्याहून जास्त कप्पे, आणि त्यात भरलेला बुळबुळीत गर. टोमॅटोचा आंबटपणा आणि त्याची खास चव यांचा मोठा वाटा या गरात असतो. तोच कमी असला तर सार पाणचट लागतं, मग कितीही तूप-जिऱ्याची फोडणी द्या.

घरी टोमॅटो लावायचा तो या गरासाठी. पण वाण निवडताना चवीचा विचार तिसरा येतो. आधी आपली हवा आणि आपल्याकडचा रोग, मग जागा, मग चव. हा क्रम उलटा केला की झाड पुरुषभर वाढतं आणि फळ एकही धरत नाही, किंवा ऐन फुलात असताना मरतं.

हवेचं गणित असं. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचं २२-२४ च्या वर राहिलं की परागकण निकामी होतात. फुलाच्या देठावर मध्ये एक गाठ असते, तिथूनच फूल पिवळं पडून तुटतं. खाली पडलेल्या फुलाला अर्धा देठ चिकटलेला दिसला, तर खताला दोष देण्याआधी थर्मामीटर बघा. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी घरच्या टोमॅटोला सर्वात मानवणारा काळ म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बी टाकणं, २५ ते ३० दिवसांची रोपं ऑक्टोबरपर्यंत लावणं आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळं खाणं. उन्हाळ्यात फळ हवंच असेल तर चेरी टोमॅटो लावा. मोठी फळं रुसतात त्या उकाड्यातही तो थोडीफार फळं धरतो.

रोगाच्या बाबतीत कोकण-गोवा आणि देशावरची परिस्थिती वेगळी आहे. कोकणातल्या आम्लधर्मी, ओलसर मातीत जिवाणूजन्य मर हा मोठा शत्रू. सकाळी टवटवीत दिसणारं झाड दुपारी मान टाकतं, पानं पिवळीसुद्धा पडत नाहीत, आणि दोन-चार दिवसांत सगळं संपतं. खात्री करायची असेल तर मेलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा आणि तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा लटकवा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर ती हीच मर. त्यावर औषध नाही. त्या मातीत वांगी, मिरची, बटाटाही लावू नका, आणि पुढच्या वेळी प्रतिकारक वाणच घ्या. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का आभा आणि अर्का आलोक हे सरळ वाण (म्हणजे बी धरून लावलं तरी झाड तसंच निघतं असे) त्यासाठीच निवडलेले आहेत. तिथलाच अर्का रक्षक हा संकरित वाण मर, पर्णगुच्छ (पानं वळवणारा विषाणूरोग) आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. अर्का अभेदमध्ये त्यात उशिरा येणाऱ्या करप्याची भर आहे.

देशावर मरीपेक्षा पर्णगुच्छ जास्त छळतो. पांढरी माशी हा विषाणू आणते. शेंड्याची पानं वर वळतात, लहान आणि चामड्यासारखी होतात, झाड खुजं राहतं. असं झाड फवारण्या करून सुधारत नाही, ते लगेच उपटून टाकायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर पांढरी माशी वाढते, म्हणून जानेवारीनंतर लावणार असाल तर पर्णगुच्छाला तोंड देणाराच वाण हवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले राजा हा संकरित वाण त्या बाबतीत ओळखला जातो. त्याच विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सरळ वाण आहेत. भाग्यश्रीत बिया कमी आणि रंग गडद, त्यामुळे सॉस-प्युरीला तो छान.

आता जागा. टोमॅटोचे वाढीनुसार दोन मुख्य प्रकार. मर्यादित वाढीचं झाड अडीच-तीन फुटांवर थांबतं, शेंड्याला फूल येतं आणि बरीच फळं महिनाभरात एकदम पिकतात. त्याला १५ लिटर मातीची कुंडी आणि एक काठी पुरते. याच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे कोंब, काढू नका, फळं त्यांच्यावरच येतात. अमर्यादित वाढीचं झाड मात्र वेलासारखं सहा-सात फूट जातं आणि महिनोन् महिने थोडी थोडी फळं देतं. त्याला किमान २० ते २५ लिटर माती, भक्कम आधार आणि दर आठवड्याला बगलफुटी काढणं हवं. बाल्कनीत पाच तासांपेक्षा कमी ऊन येत असेल तर मोठ्या फळाच्या नादी लागू नका, चेरीच लावा. पूर्ण पिकल्यावर खायचा आणि सॉसही करायचा, अशा घराला एक मर्यादित आणि एक अमर्यादित झाड ही जोडी बरी पडते.

आणि उत्पादनाचे आकडे जपून वाचा. अर्का रक्षकच्या एकाच झाडाला अठरा-एकोणीस किलो माल निघाल्याच्या बातम्या आल्या होत्या. तो आकडा शेतातला: खोल जमीन, ठिबकमधून मोजून खत आणि तारेवर चढवलेलं झाड. कुंडीत तोच वाण तीन-चार किलोंपर्यंत गेला तरी मजल चांगली मारली म्हणायची.

चवीकडे वळू. पुसा रुबी हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना वाण, सू आणि इम्प्रूव्ह्ड मेरुती या दोन वाणांच्या संकरातून निवडलेला. फळ चपटं-गोल, हलक्या खाचांचं, रसाळ आणि खणखणीत आंबट. लावणीनंतर साठ-पासष्ट दिवसांत तोडा सुरू होतो. सार, रस्सा, आमटी यांसाठी आमची पहिली पसंती हाच. दोष सांगायचा तर साल पातळ, टिकाऊपणा कमी आणि पर्णगुच्छापुढे तो हतबल, म्हणून तो हिवाळ्यातच लावावा. अर्का विकासची फळं ८०-९० ग्रॅमची, पाण्याचा ताण सोसणारी, कोशिंबिरीला आणि रोजच्या भाजीला दोन्हीकडे चालतात. रोमासारखी लांबट फळं प्युरी आटवायला उत्तम, पण कच्ची खाल्ली तर कोरडी लागतात, आणि कुंडीतलं पाणी कमी-जास्त झालं की त्यांच्या बुडाला काळा, दबलेला डाग सर्वात आधी पडतो. गोडीला चेरीला तोड नाही. मोठ्या टोमॅटोत गोडी साधारण ४-५ ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) असते, चेरीत ७-८ सहज मिळते.

कच्च्या फळाचा खांदा बघायची सवय लावा. देठाजवळ गडद हिरवा पट्टा असेल तर फळ स्वतःही उन्हात साखर बनवतं. सगळं फळ एकसारखं पिकावं म्हणून हा हिरवा खांदा निवडीतून घालवला गेला. त्याबरोबर साखर बनवायला मदत करणारा एक जनुकही निकामी झाला, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्यामुळे दोन वाणांत अडलात तर हिरव्या खांद्याचा घ्या.

ब्रँडीवाइनसारखे परदेशी जुने वाण चवीला अप्रतिम आहेत, पण पहिल्या फळाला लावणीपासून ८०-९० दिवस घेतात. पुण्या-नाशिकात ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोप लागलं तरच ते थंडीत फळ धरतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांच्यामागे वेळ घालवू नये.

बियाण्याच्या पाकिटावर फोटोऐवजी मागची बाजू वाचा. चाचणीची तारीख, उगवणीची टक्केवारी, एफ-१ (म्हणजे संकरित) लिहिलंय का, वाढीचा प्रकार. बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असेल तर त्याला औषध लावलेलं आहे, हात धुवायचे.

वाण चांगला निवडूनही चव बिघडवणाऱ्या गोष्टी तीन. फळ फुगायला लागल्यावर भरमसाट पाणी आणि युरिया दिला की फळ मोठं पण बेचव होतं, आणि बऱ्याच दिवसांच्या कोरडीनंतर एकदम पाणी दिलं की साल तडकते. मार्चनंतर ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ नारिंगीच राहतं. अशा वेळी गुलाबी छटा दिसताच तोडून घरात सावलीत पिकवा, चव फारशी जात नाही. आणि पिकलेला टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नका. १२ अंशांखाली त्याचा सुगंध मंदावतो.

सरळ वाण आवडला तर बी घरीच धरा. संकरिताचं धरू नका, पुढच्या पिढीत सगळी झाडं वेगवेगळी निघतात. निरोगी झाडावरचं, सुरुवातीच्या घोसातलं पूर्ण पिकलेलं फळ निवडा. बियांसकट गर वाटीत काढून थोडं पाणी घाला आणि फडक्याने झाकून दोन-तीन दिवस आंबू द्या, रोज एकदा ढवळा. वर पांढरी साय आली आणि बिया तळाशी बसल्या की वरचं ओतून टाका, गाळणीत चोळून धुवा आणि ताटलीत पसरून सावलीत आठवडाभर वाळवा. कागदावर पसरू नका, चिकटतात. पुडीवर वाणाचं नाव, महिना आणि वर्ष लिहून हवाबंद डबीत ठेवलं तर तीन-चार वर्षं हे बी चांगलं उगवतं.