गाडीत बसताना कंबर पिळू नये म्हणून एक पिशवी

आईच्या कमरेचे मणके जोडायचं ऑपरेशन झालं. घरी चालणं-फिरणं जमू लागलं, पण फोंड्याहून बांबोळीला तपासणीला जायचं म्हटलं की गाडीत बसताना जीव जायचा. एक पाय आत, एक बाहेर, आणि कंबर पिळलेली. नेमकं तेच टाळायचं असतं.

आता असं करतो. कापडाच्या दुकानात मिळते तशी मोठी, गुळगुळीत प्लास्टिक पिशवी सीटवर पसरायची. सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ थोडी कलती. गाडी सपाट जागी, गटारापासून लांब उभी करायची. पावसात घसरड्या चिऱ्यांवर तर नकोच. मग:

१. सीटकडे पाठ करून, पायांना कड लागेपर्यंत मागे यायचं.
२. एक हात सीटच्या पाठीवर, एक डॅशबोर्डवर टेकून हळू बसायचं. उघड्या दाराला धरायचं नाही, ते हलतं.
३. गुडघे जुळवून खांदे, कंबर आणि पाय एकदमच आत वळवायचे. पिशवीमुळे अंग आपसूक सरकतं. आईला वळायला आता कुणी ओढावं लागत नाही, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

उतरताना हेच उलट, थोडं थोडं सरकत.

एक मात्र विसरू नका: बसून झालं की सोबतच्याने पिशवी दाराकडून ओढून काढायची आणि मगच पट्टा लावायचा. ती तशीच राहिली तर ब्रेक लागताच माणूस पुढे घसरतो.