लॉनला खत घालण्याआधी हिशेब: कापलेलं गवत, एसटीपीचं पाणी आणि मग युरिया

सोसायटीच्या लॉनवर खत बहुतेक वेळा मुठीने पडतं, आणि लॉन पिवळं दिसलं की पडतं. त्याच वेळी कापलेलं गवत पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत जातं. त्या गवताबरोबर नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅश) आणि थोडं स्फुरदही (फॉस्फरस) जातं, आणि तेवढंच आपण दुकानातून पुन्हा विकत आणतो. एसटीपीच्या, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, पाण्यातून आयतं येणारं नत्र तर कुणी मोजतच नाही. आधी या दोन गोष्टी मोजा, मग पोतं फोडा.

पुढची मापं १००० चौरस फुटांसाठी, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरसाठी आहेत. लॉन हरळीच्या जातकुळीतलं धरलं आहे, म्हणजे बर्म्युडा किंवा सिलेक्शन वन. मेक्सिकन लॉन हळू वाढतं, त्याला यातलं दोनतृतीयांश पुरे.

कापलेलं गवत उचलायचं नाही

गवत नेहमी उचलून नेलं, तर अशा लॉनला वर्षाला साधारण १२०० ग्रॅम नत्र लागतं, म्हणजे २.६ किलो युरिया. गवत जागीच पाडलं तर यातला किमान पाव भाग वाचतो. अट एकच: एका वेळी पात्याच्या उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. ३ सेंटिमीटर उंची ठेवायची असेल तर ४.५ सेंटिमीटरला यंत्र फिरलंच पाहिजे. पावसाळ्यात ती वेळ पाच-सहा दिवसांनी येते, थंडीत तीन आठवडेही जातात. त्यामुळे ‘दर रविवारी’ असं वेळापत्रक लॉनला चालत नाही.

पातं धारदार हवं. कापल्यावर दुसऱ्या दिवशी एक पान तोडून टोक बघा. धार चांगली असेल तर कड सरळ आणि हिरवी दिसते. बोथट पात्याने टोक चिंधीसारखं फाटतं, दोन दिवसांत तपकिरी होतं आणि दुरून सगळं लॉन खत मागत असल्यासारखं दिसतं. त्याला खत नको, कानस हवी.

गवत जागीच सोडलं तर जमिनीवर जाळी साचते, ही भीती बहुतेक माळ्यांना असते. खरं तर कापलेल्या कोवळ्या पानात बहुतांश पाणीच असतं, ते लवकर कुजतं. जाळी साचते ती सरपटणाऱ्या खोडांची आणि मुळांची, आणि जास्त नत्राने ती वाढते. खुरप्याने एक पाचर कापून काढा आणि माती व हिरव्या पानांमधला तपकिरी, स्पंजासारखा थर पट्टीने मोजा. १२ मिलिमीटरच्या वर गेला असेल तर नत्र कमी करा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी दाताळ्याने विंचरा.

गवत उचलायचंच ते तीन वेळा: वाढ हाताबाहेर जाऊन ढीग पडत असतील, लॉनवर रोग असेल, किंवा तणाला बी धरलं असेल. रोगट आणि बी धरलेलं गवत वेगळं ठेवा, बाकीचं कंपोस्टला घ्या. मापाने एक भाग गवत, दोन ते तीन भाग सुका पालापाचोळा. नुसतं गवत रचलं तर दोन दिवसांत तापून चिकट गोळा होतो आणि अमोनियाचा वास सुटतो. तेव्हा पालापाचोळा वाढवून ढीग उलटा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त झालं आहे. आठवड्याला एकदा उलटलेला मीटरभर उंचीचा ढीग साधारण अडीच-तीन महिन्यांत तयार होतो. टू-फोर-डी हे तणनाशक फवारल्यावर लगेच कापलेलं गवत कंपोस्टात घालू नका, त्यातून पुढे फुलझाडं वाकडी होतात.

एसटीपीच्या पाण्यातलं नत्र

प्रयोगशाळेच्या अहवालात नायट्रेट-नत्राचा आकडा शोधा. नुसतं ‘नायट्रेट’ लिहिलं असेल तर त्याला ०.२२६ ने गुणा. ४४ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे लिटरला साधारण १० मिलिग्रॅम नत्र. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी दिलं तर १००० चौरस फुटांवर सुमारे ४६५ लिटर पडतं. १० मिलिग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला १४० ग्रॅम नत्र, म्हणजे ३०० ग्रॅम युरिया त्या पाण्यातून जमिनीत गेला. फेब्रुवारी ते मे हे पाणी दिलं की खाली दिलेल्या युरियाच्या चार हप्त्यांपैकी मार्चचा आणि जूनचा असे दोन वगळता येतात.

या पाण्यात स्फुरदही असतं. म्हणून माती तपासल्याशिवाय डीएपी किंवा १९:१९:१९ अशी स्फुरद असलेली खतं टाकत राहू नका. नमुना दहा-बारा ठिकाणांहून, १० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा घ्या, एकत्र करून अर्धा किलो सावलीत वाळवून द्या. दख्खनच्या काळ्या मातीत पालाश सहसा भरपूर असतं आणि चुनखडी स्फुरद धरून ठेवते. वरून पडलेलं जास्तीचं स्फुरद मातीच्या कणांबरोबर नाल्यात जातं. पवईच्या आणि पाषाणच्या तलावांवर जलपर्णी माजते ती मुख्यतः सांडपाण्याने, पण त्यात आपल्या लॉनची भर पडायला नको.

उरलेला युरिया कसा द्यायचा

गवत जागीच पडत असेल आणि पाणी साधं असेल तर चार हप्ते: मार्च, जून, ऑगस्टमधली उघडीप आणि ऑक्टोबर. दर हप्त्याला ५०० ग्रॅम युरिया, तोही वजनकाट्यावर तोलून. ४ ते ५ किलो सुक्या चाळलेल्या वाळूत मिसळा, दोन भाग करा, एक उभा फेका आणि एक आडवा. पानं कोरडी हवीत, नाहीतर दाणा चिकटून पान जळतं. फेकल्यावर लगेच साडेपाचशे लिटर पाणी द्या. युरिया वरच राहिला तर त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, आणि चुनखडीच्या जमिनीत जास्तच.

पुढच्या दिवसभरात जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा. गटाराच्या कडेने मीटरभर पट्टा मोकळा सोडा. फरशीवर पडलेले दाणे झाडूने पुन्हा गवतात लोटा, पाइपने धुऊ नका. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या, बागेत माती जेमतेम फूट-दीड फूट असते आणि खाली निचऱ्याचे पाइप, म्हणून तिथे हप्ता निम्मा करून दुप्पट वेळा द्या.

जूनचा हप्ता द्यायचाच असेल तर युरियाऐवजी ५ किलो निंबोळी पेंड घेता येते, ती सावकाश लागू पडते. अर्धवट कुजलेलं शेणखत मात्र पावसाआधी कधीच टाकू नका. त्यातून तणाचं बी येतं, आणि पहिल्या पावसानंतर बाहेर पडणारे हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे अशाच जागी अंडी घालतात. पूर्ण कुजलेलं, ६ मिलिमीटरच्या जाळीतून चाळलेलं कंपोस्ट आणि वाळू निम्मी-निम्मी घेऊन ऑक्टोबरमध्ये ३-४ मिलिमीटरचा थर द्या. त्याला साधारण १० ते १३ घनफूट माल लागतो. पानांची टोकं वर दिसलीच पाहिजेत.

पिवळेपणा नेहमी नत्राचाच नसतो. जुनी, खालची पानं सगळीकडून फिकी असतील तर नत्र कमी. कोवळं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी, आणि चुनखडीच्या मातीत हे वारंवार दिसतं. युरियाने ते सुधारत नाही, उलट बिघडतं. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी फवारा. आठवड्यात फरक दिसतो. कडेच्या फरशीवर थेंब पडले तर लगेच पाणी ओता, वाळल्यावर गंजाचे डाग निघत नाहीत.