प्रकल्पासाठी ‘सेवेचा दर्जा आणि विद्यार्थ्यांचं समाधान’ हा विषय घेताय?

एमबीए, एम.कॉम. किंवा एम.एड.ला प्रकल्पाचा विषय शोधताना हा विषय हमखास समोर येतो. माहिती देणारे विद्यार्थी हाताशी असतात आणि प्रश्नावली आयती मिळते, म्हणून तो सोपाही वाटतो. मी हाच विषय घेतला होता आणि आता एका कॉलेजच्या विद्यार्थी विभागात काम करते. खिडकीच्या दोन्ही बाजूंनी जे दिसलं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आयती प्रश्नावली म्हणजे सर्व्हक्वाल. परशुरामन, झाइथॅमल आणि बेरी या तिघांनी ती १९८८ मध्ये मांडली. तिच्यात २२ विधानं आहेत आणि सेवेची पाच अंगं: दिसणाऱ्या सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, खात्री आणि आपुलकी. प्रत्येक विधानावर अपेक्षा काय होती आणि अनुभव काय आला, असं दोनदा विचारायचं. दोन्हींतली तफावत म्हणजे दर्जा. पण ती बँका, क्रेडिट कार्ड, दुरुस्ती सेवा अशा ठिकाणचे ग्राहक समोर ठेवून घडवली गेली, हे विसरू नका. जशीच्या तशी उचलली तर परीक्षा, निकाल, शिष्यवृत्ती, हॉस्टेल यातलं काहीच तिच्यात सापडणार नाही. फिरदौस अब्दुल्ला यांनी २००६ मध्ये खास उच्च शिक्षणासाठी हेडपर्फ ही मोजपट्टी मांडली. तिच्यात अध्यापनाइतकीच कार्यालयीन कामालाही स्वतंत्र जागा आहे. ती नक्की वाचा.

अपेक्षेच्या रकान्यात बहुतेक मुलं वरपासून खालपर्यंत पाचवरच, म्हणजे सगळ्यात वरच्या गुणावरच टिक करत जातात. चांगली सेवा कोणाला नको असते? म्हणून क्रोनिन आणि टेलर यांची १९९२ची सर्व्हपर्फ पद्धत मला जास्त पटते. ती फक्त अनुभव विचारते. फॉर्म निम्म्याने लहान होतो आणि मुलं तो मन लावून भरतात. शक्य असेल तर विधानं मराठीत द्या आणि प्रत्येक विधानात एकच गोष्ट विचारा. ‘ग्रंथालय व प्रयोगशाळा चांगली आहे’ या वाक्याला कोणी काय उत्तर द्यायचं?

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. समाधान इमारतीवर ठरतं असा आपला समज असतो, कारण प्रवेशाच्या माहितीपुस्तकात फोटो इमारतीचेच असतात. प्रत्यक्षात मुलांशी बोलायला बसलं की विषय येतो तो दिलेल्या शब्दाचा. एक मुलगी तालुक्याच्या गावाहून एसटीने आली होती. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी बोनाफाईड हवं होतं. खिडकीवर उत्तर मिळालं, ‘सही व्हायचीय, उद्या या.’ दुसऱ्या दिवशीही तेच. शिष्यवृत्तीचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला तपासला जातो, मगच पुढे संबंधित सरकारी विभागाकडे जातो, त्यामुळे इथे अडकलं की सगळंच अडकतं. ती मला म्हणाली, ‘मॅडम, आज नाही झालं तरी चालेल, पण कधी होणार ते तरी सांगा.’ विश्वासार्हता आणि तत्परता यांची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. त्या मुलीचे दोन दिवसांचे तास बुडाले, आणि वर्गात शिकवणारे प्राध्यापक कितीही चांगले असले तरी त्या आठवड्यात तिचं कॉलेजबद्दलचं मत त्या खिडकीनेच ठरवलं.

हेच मोठ्या प्रमाणावर २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात दिसलं. उत्तरपत्रिकांची ऑनलाइन तपासणी पुरेशा तयारीविना सुरू झाली, निकाल महिनोन्महिने रखडले, अनेकांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावं लागलं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की निकाल शक्यतो ३० दिवसांत, आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागावा. तुमच्या विभागाच्या निकालांच्या तारखा काढा आणि या मुदतीशी ताडून पाहा. मतांच्या जोडीला अशी एक पक्की नोंद असली की प्रकल्पाला वजन येतं. तक्रारींचंही तसंच. यूजीसीच्या २०२३च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. ही समिती आहे हे किती मुलांना ठाऊक आहे, एवढंच विचारून बघा.

माहिती कधी गोळा करता यानेही उत्तरं बदलतात. निकालाच्या आठवड्यात फॉर्म फिरवलात तर पास झालेल्याला कॅन्टीनचा चहासुद्धा गोड लागतो आणि एटीकेटी लागलेल्याला काहीच आवडत नाही. सत्राच्या मधला काळ बरा. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून थांबू नका. तिथे ठरावीक मुलंच भरतात, आणि कमवा व शिका योजनेत राबणारी किंवा रोज बाहेरगावहून येणारी मुलं सुटून जातात. नेमका त्यांनाच सेवेचा सगळ्यात जास्त फटका बसतो. पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची उत्तरंही वेगवेगळी मांडा.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न बहुधा येतोच: विद्यार्थ्याला ग्राहक म्हणायचं का? माझं उत्तर ठाम आहे. कार्यालयात म्हणायचं, वर्गात नाही. दाखला वेळेत मिळणं हा त्याचा हक्क आहे. पण सढळ हाताने गुण देणाऱ्या शिक्षकावर मुलं खूश असतात म्हणून तिथे शिकवणं चांगलं झालं असं होत नाही. समाधान आणि शिकणं हे दोन रकाने वेगळे ठेवा आणि निष्कर्षांतही ते मिसळू देऊ नका.

शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर मुलं स्वतःच्या शब्दांत लिहितील. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातही वीस प्रश्नांनंतर एकविसावा सूचनांसाठीच असतो. तुमच्या मोकळ्या प्रश्नाची उत्तरं स्वतः वाचा, आकडेमोड त्यानंतर करा. आणि अहवालाची एक प्रत कॉलेजच्या आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकांना द्या. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालासाठी त्यांना विद्यार्थ्यांचा अभिप्राय आणि त्यावर काय केलं हे दाखवावंच लागतं, त्यामुळे तुमची पानं तिथे वाचली जाण्याची शक्यता इतर कुठल्याही टेबलापेक्षा जास्त आहे.