ग्रामसभेत तरुणांचा विषय मंजूर कसा करून घ्यावा

15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की ग्रामसभा भरते. पाच-सहा मुलं उठून अभ्यासिकेचा मुद्दा मांडतात, सरपंच "बघू, करू" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. दरवेळी सरपंचांच्या मनात खोट असते असं नाही. जो विषय विषयपत्रिकेवर नाही, ज्याचा खर्च काढलेला नाही आणि पैसा कुठून येणार हे ज्यात सांगितलेलं नाही, तो ग्रामपंचायतीला हातीच धरता येत नाही. म्हणून तयारी दोन महिने आधी सुरू करा. खाली अभ्यासिकेचंच उदाहरण घेतलं आहे. इतर विषयांनाही हीच वाट लागू पडते.

मतदार यादी

ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्ती. शिक्षणासाठी बाहेर राहून तिकडेच नाव नोंदवलं असेल, तर गावच्या ठरावावर तुमचं मत धरलं जात नाही. नावनोंदणीसाठी नमुना 6 भरायचा असतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या तारखांना 18 वर्षं पूर्ण होतात का ते पाहिलं जातं आणि 17 पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. त्याहून लहान मुलांचे मुद्दे बालसभेतून पुढे आणा.

मुलींसाठी एक वाट जवळपास रिकामी पडलेली असते, ती महिला सभेची. ती नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. तिथे संमत झालेला विषय मुख्य सभेत वजन घेऊन येतो, त्यामुळे अभ्यासिकेचा ठराव आधी तिथे मांडा.

पैसा आधी वाचा

ग्रामपंचायतीचं वार्षिक अंदाजपत्रक नमुना 1 मध्ये असतं. ग्रामसेवकांकडे (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) ते पाहायला मागा. गावाचा मंजूर आराखडा (वर्षभरात कोणती विकासकामं करायची याची योजना) ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर वर्षनिहाय पाहता येतो. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क 10 रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. या 30 दिवसांमुळेच दोन महिने हाताशी ठेवायचे.

केंद्राकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या 15व्या वित्त आयोगाच्या निधीत (2020-21 ते 2025-26) पहिलं वर्ष सोडलं, तर 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. अभ्यासिका त्यात बसत नाही, ती उरलेल्या 40 टक्के अबंधित रकमेतूनच होऊ शकत होती आणि त्यातूनही पगार देता येत नव्हता. पुढच्या निधीची विभागणी ग्रामसेवकांकडून आधी समजून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवा. ही रक्कम पडून असेल तर त्या घटकांच्या मागणीसाठी जागा तिथे आहे.

बहुतेक प्रस्ताव अडतात ते जागेवर आणि चालू खर्चावर. खोली ग्रामपंचायतीच्या मालकीची आहे का, हे कागदावर पाहून घ्या. शाळेची किंवा खासगी जागा असेल तर लेखी संमती लागेल. दुरुस्तीचा आकडा मनाने टाकू नका. पंचायत समितीच्या कनिष्ठ अभियंत्यांकडून अंदाजपत्रक काढून द्यावं, अशी विनंती ग्रामपंचायतीमार्फत करा. वीजबिल कोण भरणार, झाडलोट कोण करणार, किल्ली कोणाकडे राहणार याची उत्तरं नसलेल्या अभ्यासिकेला सहा महिन्यांत कुलूप लागतं.

अर्ज आणि ठरावाचा मसुदा

वर्षात किमान चार ग्रामसभा होतात, साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा 2 ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणून त्या सभेवर नेम धरा. सभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते. तुमचा अर्ज त्याच्याही आधी गेला पाहिजे. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही, तारीख व आवक क्रमांक घ्या. ही पोच जिवापाड जपा.

अर्जासोबत ठराव लिहूनच द्या. लेखी मसुदा असला की सभेच्या गोंगाटात शब्द हरवत नाहीत:

"ग्रामपंचायतीच्या जुन्या कार्यालयाच्या पूर्वेकडील खोलीत 20 विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका सुरू करावी. दुरुस्ती व वीजजोडणीचे काम पुढील वर्षाच्या आराखड्यात अबंधित निधीतून घ्यावे. वीजबिल व साफसफाईचा खर्च ग्रामनिधीतून करावा. देखरेखीसाठी सात जणांची समिती नेमावी, त्यात किमान तीन मुली असाव्यात. सूचक: ... अनुमोदक: ..."

सूचक तरुण असू द्या, अनुमोदक मात्र गावात मान असलेले एखादे काका किंवा बचत गटाच्या ताई असाव्यात. वॉर्डाच्या सदस्यांना आणि सरपंचांना सभेआधी भेटून मसुदा दाखवा. पहिल्यांदा सभेत ऐकलेल्या मागणीला माणूस सावधपणे नकार देतो.

सभेचा दिवस

गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी. पेसा क्षेत्रात (आदिवासीबहुल अनुसूचित भागात) नियम वेगळे आहेत. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तरुण मंडळी नेमकी इथेच चुकतात: पहिल्या दिवशी येतात, तहकूब सभेला फिरकत नाहीत. ठराव मात्र तिथे होऊन जातात.

विषयपत्रिकेवर तुमचा विषय नसेल तर पोच दाखवून तो आयत्या वेळच्या विषयांत घ्यायला सांगा, पण पाच मिनिटांत आटोपलेल्या चर्चेवर समाधान मानू नका. बोलणारा एकच ठेवा, बाकीच्यांनी पाठिंब्याचे हात वर करावेत. कोऱ्या हजेरीवर सही करू नका.

सभेनंतर

खरं काम इथे आहे. तोंडी मंजुरीला अर्थ नाही, इतिवृत्तात ठराव क्रमांकासह मजकूर उतरला पाहिजे. आठवड्याभरात ठरावाची नक्कल लेखी अर्ज करून मागा आणि मसुद्याशी ताडून पाहा. "अबंधित निधीतून घ्यावे" याचं "निधी उपलब्ध झाल्यास विचार करावा" असं झालं असेल तर लगेच लेखी हरकत नोंदवा आणि पुढच्या ग्रामसभेत मागील इतिवृत्त वाचलं जाताना दुरुस्ती मागा.

आराखडा संकेतस्थळावर चढला की त्यात आपलं काम शोधा. नसेल तर ठरावाची नक्कल जोडून पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि ठराव होऊनही काम आराखड्यात का नाही, याचं लेखी उत्तर मागा. ग्रामसभाच बोलावली जात नसेल तर तक्रार त्यांच्याकडेच करायची. सबळ कारण नसताना ठरलेल्या सभा न घेणाऱ्या सरपंचावर अपात्रतेची कारवाई होऊ शकते.