बुरशीचं पोतं आधी बाहेर, टॉनिक नंतर

पावसाची झड लागली की दर वर्षी तेच बघतो. पोत्याच्या तळाची पेंड गोळे धरते, मक्याच्या भरड्याला कुबट वास सुटतो. "वाया कशाला घालवायची" म्हणून ती चांगल्या खाद्यात मिसळून जनावरांपुढे जाते. पुढे दूध उतरतं, गाभण गाय गाभडते, वासरं खंगतात. मग दुकानदार व्हिटॅमिन ई-सेलेनियमची महागडी बाटली हातात ठेवतो. बाटली सुरू होते, पण ते पोतं काही बंद होत नाही.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष मुख्यतः यकृत पोखरतं. बाटलीतलं व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम हे खनिज म्हणजे अँटिऑक्सिडंट, पेशींचं नुकसान रोखणारे घटक. ते यकृताच्या पेशींची होरपळ थोडी कमी करतात, इतकंच. पोटात गेलेलं विष ते बाहेर काढत नाहीत. पेंड उन्हात वाळवली तर बुरशीची वाढ थांबते, पण आधी तयार झालेलं विष तसंच राहतं. चांगल्या खाद्यात मिसळलेलं खराब खाद्य सगळ्या गोठ्याच्या पोटात जातं. म्हणून ते पोतं आजच बाहेर काढा, उद्यावर टाकू नका. कोंबड्यांनाही घालू नका. त्यातही बदकं तर या विषाला फार लवकर बळी पडतात.

भिंतीला टेकलेल्या पोत्याच्या तळात हात घाला. आत ऊब लागली तर ते पोतं गेलं समजा. नाकाला फडकं बांधूनच उघडा. माझा एक अंदाज आहे, प्रयोगशाळेचा नव्हे: रोज अधाशीपणे खाणारी गाय गव्हाणीतलं खाद्य नाकाने बाजूला सारू लागली, तर तिच्यावर विश्वास ठेवा. पण वास नाही, बुरशी दिसत नाही, म्हणून खाद्य निर्धोक असंही नाही. तपासणीला नमुना द्यायचा तर आठ-दहा जागचा घेऊन एकत्र करा, कारण विष सगळीकडे सारखं नसतं.

पूरक द्यायचंच असेल तर मोठ्या गाईला रोज व्हिटॅमिन ई दुभती असताना सुमारे ५०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक, बाटलीवर IU), भाकड काळात १००० आययू. सेलेनियम सगळं मिळून कोरड्या खाद्याच्या किलोला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलो कोरडं खाद्य खाणाऱ्या गाईला ३ मिलिग्रॅम. खनिज मिश्रणात ते बहुधा असतंच. त्यावर बाटली आणि वर इंजेक्शन झालं, तर सेलेनियमचीच विषबाधा होऊ शकते: शेपटीचे केस झडतात, खुरं तडकतात. पिशवीवरचा मजकूर वाचा, पशुवैद्यकाला विचारा. ताजा हिरवा चारा मिळत असेल तर व्हिटॅमिन ई त्यातूनच भरपूर मिळतं. खाद्यात मिसळलेली बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन धरून ठेवते, इतर बुरशीविषांवर तिचा फारसा भरवसा नाही.

साठवणीची कामं:
- धान्याची ओल १३ टक्क्यांच्या आत
- पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर
- गळकं छप्पर, उंदरांची बिळं बंद
- गव्हाण रोज खरवडून कोरडी
- जुनं पोतं आधी, नवं नंतर

विषारी खाद्य पोटात गेल्यावर दिवसभरातच त्याचा अंश दुधात उतरतो, आणि दूध उकळूनही तो जात नाही. खाद्य बदलल्यावर साधारण तीन-चार दिवसांत दूध निवळतं. तोवर ते दूध घरच्या लेकरांना नको, वासरांनाही नको, विकायलाही नको.