शॉर्टकोड घेतला, तरी मेसेज पोहोचेना? या चुका टाळा

कोल्हापुरातल्या गुजरीतला सराफ असो की चप्पल लाइनमधला दुकानदार, एसएमएस सुरू करताना पहिली गल्लत होते ती शॉर्टकोड आणि हेडर एकच समजण्यात. हेडर म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारी 6 इंग्रजी अक्षरं किंवा आकडे. त्यावर ग्राहकाला उत्तर देता येत नाही. शॉर्टकोड म्हणजे 5 ने सुरू होणारा 5 आकडी नंबर. ग्राहक त्यावर मेसेज टाकतो.

स्वतंत्र शॉर्टकोडचा हट्ट बहुतेकांना परवडत नाही. तो प्रत्येक मोबाइल कंपनीशी वेगळा जोडावा लागतो. शेअर्ड कोडवर, म्हणजे अनेक व्यवसाय मिळून वापरतात त्या शॉर्टकोडवर, एक कीवर्ड (ग्राहकाने टाकायचा तुमचा ठरलेला शब्द) किंवा मोबाइल नंबरसारखा साधा 10 आकडी लाँगकोड पुरतो. मार्केट यार्डातला गुळाचा दर विचारणारा शेतकरी रोमनमध्ये 'जीयूएल' टाइप करेल, 'जीओओएल' करेल, नाहीतर सरळ देवनागरीत 'गूळ'. सगळी रूपं कीवर्ड म्हणून नोंदवा. पत्रकं छापण्याआधी जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल अशा चारही सिमवरून मेसेज टाकून बघा.

पाठवायच्या मेसेजचं दुखणं वेगळं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांमुळे व्यवसाय, हेडर आणि मजकुराचा टेम्प्लेट (ठरलेला साचा) मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी पोर्टलवर नोंदवावाच लागतो. कोणत्याही एका कंपनीच्या पोर्टलवरची नोंदणी चालते. मंजूर टेम्प्लेटमध्ये पूर्णविराम होता आणि पाठवताना गळला, एवढ्यानेही मेसेज अडतो. मजकूर पोर्टलवरूनच कॉपी करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला घेऊ नका. लिंक असेल तर तीही आधी व्हाइटलिस्ट, म्हणजे पोर्टलवर नोंदवून मंजूर केलेली हवी. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्याशिवाय मेसेज जात नाही. सगळं बरोबर असूनही अडत असेल तर टेलिमार्केटरची साखळी, म्हणजे तुमचा मेसेज मोबाइल कंपनीपर्यंत नेणारे मधले एजंट, पोर्टलवर जोडली आहे का पाहा. मधला एजंट बदलला आणि ही जोडणी राहून गेली, हे फार वेळा घडतं.

बिल दुप्पट का आलं? देवनागरी मेसेजला 70 कॅरेक्टरची मर्यादा, आणि काना-मात्रा-हलन्त सगळे मोजले जातात. 'कोल्हापूर' दिसायला चार अक्षरं, मोजणीत 9. एकाहत्तरावं आलं की दोन मेसेजचे पैसे. इंग्रजी मेसेजला 160 मिळतात, पण त्यात रुपयाचं चिन्ह किंवा वर्डमधलं वाकडं अवतरणचिन्ह शिरलं की तोही 70 वर येतो. रक्कम लिहिताना चिन्हाऐवजी रोमन 'आरएस' टाका.

जाहिरातीचे मेसेज सकाळी 10 ते रात्री 9 एवढ्याच वेळात जातात. सकाळी 8 ला लावलेली ऑफर गेली नाही म्हणून सर्व्हरला दोष देऊ नका.